परातीशेजारी

या. ओट्याजवळ बसा. खुर्ची नसली तर पाट घ्या.

समोर परात आहे. परातीत पत्ताकोबीची पानं आहेत. शेजारी वाटीत जाडं मीठ.

आज आपण एवढंच बघणार आहोत.

दुपार आहे. शेंद्र्यात या वेळेला बाहेर फारशी हालचाल नसते. पहिली पाळी अजून सुटलेली नाही. जालना रोडवरून एखादा कंटेनर जातो, त्याची घरघर खिडकीपर्यंत येते आणि विरते.

ती पूर्ण विरेपर्यंत थांबा.

आता एक पान हातात घ्या.

थंड आहे ना? माघातला कोबी घट्ट असतो, वजनाला जड असतो. कोरियात किमचीसाठी, म्हणजे मिठात आंबवलेल्या तिखट कोबीसाठी, लांबट, सैल पानांचा नापा कोबी घेतात. तो आपल्याकडच्या बाजारात क्वचितच दिसतो. आपला गोल कोबी चालतो. मला विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्यानं हाच घ्यावा. ओळखीची भाजी हातात असली की हात घाबरत नाहीत.

पानाची मधली शीर बघा. देठाकडे जाड, पांढरी. कडेकडे जाताना ती बारीक होते, तिला फाटे फुटतात, फाट्यांना आणखी फाटे.

ती शीर मोडा.

कट्.

हा आवाज नीट ऐका. पुन्हा एक मोडा. कट्. तासा-दोन तासांनी हेच पान मोडायला जाल तेव्हा आवाज येणार नाही.

1 किलो कोबीला 25 ग्रॅम मीठ पुरतं. मीठ पानांवर पसरा. मग दोन्ही हात परातीत घाला.

चोळायला सुरुवात करा. जोर लावू नका. पान उचला, दाबा, सोडा. उचला, दाबा, सोडा.

मिठाचे खडे तळव्याला टोचतात. थोड्या वेळानं टोचणं कमी होतं. खडे विरघळायला लागलेले असतात.

हात बाहेर काढा. धुऊ नका. नुसते मांडीवर ठेवा, तळवे वर.

श्वास आत घ्या.

थोडं थांबा.

श्वास सोडा.

आता परातीकडे बघत राहा. पानाच्या आत पाणी आहे, बाहेर मीठ. मीठ पाण्याला बाहेर बोलावतं आणि पाणी सावकाश येतं. पानाच्या कातडीवर आधी नुसती ओल चढते. मग एक थेंब धरतो. तो कुठं धरतोय ते शोधा.

सापडला? त्याच्यापाशी थांबा.

तो मोठा होतो. शेजारच्या थेंबाला भिडतो. दोघं मिळून शिरेवरून घसरतात आणि परातीच्या कडेला जातात.

आणखी एक बघा.

हे दोन तास चालणार आहे. आपल्याला काहीही करायचं नाही.

*

नजर जरा खिडकीकडे जाऊ द्या.

बाहेर ऑरिक या औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते आहेत. याच वसाहतीत ह्योसंग या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. ताणला की लांबणारा, सोडला की आखडणारा स्पॅन्डेक्सचा धागा तिथं तयार होतो. शेंद्र्यातच स्कोडाचा कारखाना आहे, 2001 पासून. स्कोडा मूळची चेक देशातली.

चेक घरांतही कोबी मिठात घालतात. बारीक चिरून, मीठ लावून, शहाजिऱ्याच्या जातीचं बी टाकून तो आंबवतात. कोरियन घरांत पान मिठात घालतात आणि मग लाल मसाला लावतात.

म्हणजे जालना रोडलगतच्या या एका वसाहतीत दोन लांबच्या देशांचे कारखाने आहेत, आणि दोन्ही देशांच्या स्वयंपाकघरांत कोबी आणि मीठ असंच एकमेकांशेजारी बसलेलं असतं.

कुणीतरी एवढ्या लांबून इथं कामाला येतं. संध्याकाळी भाड्याच्या घरात परततं. जिभेवर घरची आंबट चव आठवते. त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही. क्षणभर त्याची आठवण काढूया.

चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला या गावात पाय ठेवायला जागा नसते. तेव्हाही लांबलांबची माणसं येतात, आणि प्रत्येकाच्या शिदोरीत आपापल्या घरची चव असते.

परत या. परातीकडे.

थेंब आता मोजण्यापलीकडे गेलेत. कडेला पाण्याची एक बारीक रेघ चमकते आहे.

*

हात पुसा. वही घ्या. पेन्सिल घ्या.

कोबीला पाणी सुटेपर्यंत कोरियन अक्षरं बघूया. शब्द पाठ करायला फोनमध्ये ॲपं आहेत. आज फोन दुसऱ्या खोलीत राहू द्या. आज आपण अर्थाकडे जाणारच नाही. फक्त अक्षराचा आकार बघायचा, आणि तोंडात काय होतं ते बघायचं.

एक उभी रेघ काढा. खाली आल्यावर तिला उजवीकडे वळवा.

झालं. हा कोरियन न.

आता म्हणा, न. सोडू नका, धरून ठेवा. न्‌न्‌न्‌.

तुमची जीभ कुठं आहे?

तिचं टोक वर उचललंय. वरच्या दातांच्या मागे टेकलंय. मधला भाग खाली सपाट आहे.

आता कागदावरच्या आकाराकडे बघा. उभी रेघ म्हणजे वर उचललेलं टोक. आडवी रेघ म्हणजे पसरलेली जीभ. कुणीतरी माणसाचं तोंड बाजूनं, आरपार दिसावं तसं बघितलं आणि जीभ जशी होती तशी काढली.

पुन्हा म्हणा. न्‌न्‌न्‌. आणि बघा.

राजा सेजोंगनं ही लिपी 1443 मध्ये तयार केली आणि 1446 मध्ये लोकांपुढे ठेवली. तोवर कोरियात लिहायचं ते चिनी अक्षरांत, आणि ती शिकायला वर्षं लागत. शेतात राबणाऱ्याकडे, चुलीपुढे बसणारीकडे तेवढी वर्षं नसत. सुरुवातीला अक्षरं होती 28. आज वापरात 24 आहेत. कोणत्या अक्षराचा आकार कशावरून घेतला हे सांगणारा ग्रंथ बराच काळ दृष्टीआड होता. त्याची प्रत 1940 मध्ये पुन्हा हाती आली. जीभ, दात, ओठ, घसा, सगळं त्यात सांगितलेलं आहे.

इतक्या शतकांपूर्वी कुणीतरी शांत बसून न म्हणत होतं, आणि स्वतःच्या जिभेकडे लक्ष देत होतं.

आत्ता तुम्ही तेच करताय.

आपल्याकडेही हे आहे. पहिलीत ते आपण सुरात घोकलं आणि सोडून दिलं. आज सावकाश म्हणा.

क. घसा.

च. टाळू.

ट. जीभ वर मुडपलेली.

त. दात.

प. ओठ.

पुन्हा एकदा, डोळे मिटून. क, च, ट, त, प. स्पर्श आतून बाहेर सरकतो. घशापासून निघतो आणि ओठांपाशी येतो. वर्णमाला हीच वाट चालते. आपण रोज तिच्यावरून जातो, दिवसभर, बोलताना.

एकदा उलट या. प, त, ट, च, क.

आता थांबा. तोंड मिटा. जीभ सैल सोडा. ती खाली, आपल्या जागी पडून राहू दे.

*

चौकोन काढा. लहानसा, चारी बाजू बंद.

हा म. ते तोंड आहे.

ओठ मिटा आणि म धरा. म्‌म्‌म्‌.

ओठांत बारीक कंप जाणवतो. गालांत जाणवतो. नाकाच्या मुळाशी जाणवतो. छातीवर हात ठेवा, तिथंही आहे.

श्वास संपेपर्यंत चालू द्या. संपला की लगेच दुसरा घेऊ नका. मधली शांतता किती लांब आहे ते ऐका.

मग सावकाश घ्या.

आता काटकोन काढा. आधी आडवी रेघ, मग तिच्या उजव्या टोकातून खाली उतरणारी. जिभेचं मूळ वर उचलून घशाची वाट अडवतं, त्याचं हे चित्र.

उच्चार? इथं थोडं जास्त थांबूया.

तळवा तोंडासमोर धरा, वीतभर अंतरावर.

ख म्हणा. वारा लागला?

क म्हणा. वारा कमी.

ग म्हणा. वारा जवळजवळ नाही, पण गळ्यात थरथर आहे.

कोरियन काटकोन शब्दाच्या सुरुवातीला येतो तेव्हा क आणि ग यांच्या मधे कुठंतरी बसतो. आपल्या कानाला तो कधी क वाटतो, कधी ग. आपल्या वर्णमालेत त्या जागेला अक्षर नाही, पण तोंडात जागा आहे.

ती शोधा. क म्हणायला लागा आणि जोर काढून घ्या. आणखी थोडा काढा.

हाती लागलं नाही तरी चालेल. जीभ तिथं जाऊन आली आहे. उद्या तिला वाट माहीत असेल.

पुन्हा एकदा. तळवा समोर. श्वास हलका.

*

आता शेवटचं. वर्तुळ काढा.

मला या लिपीत सगळ्यांत जास्त हेच आवडतं. म्हणून याला वेळ देऊया.

हे घशाचं चित्र आहे. मोकळा, उघडा घसा.

अक्षरसमूहाच्या सुरुवातीला हे वर्तुळ आलं तर त्याला आवाज नसतो. ते नुसतं जागा धरून असतं. मागून येणाऱ्या स्वराला उभं राहायला जागा हवी, म्हणून ते पुढे येऊन बसतं.

अक्षरसमूहाच्या शेवटी आलं की त्याला आवाज येतो. गंगा म्हणताना मधे जो ङ नाकातून जातो, तो.

सुरुवातीला मौन. शेवटी नाद. चिन्ह एकच.

वर्तुळावरून बोट फिरवा. सावकाश, एक फेरी. श्वास आत घेताना अर्धी, सोडताना अर्धी.

घसा सैल करा. आवाज काढू नका. आवाज निघायच्या आधी घशात काय असतं तेवढं बघा.

तिथंच थांबा.

एक फेरी आणखी.

सोडताना, वाटलं तर, अगदी बारीक ङ येऊ द्या. नाही आला तरी वर्तुळ आहेच.

स्वरांना फार वेळ लागत नाही. सेजोंगनं तीन खुणा घेतल्या होत्या. एक ठिपका, ते आकाश. एक आडवी रेघ, ती जमीन. एक उभी रेघ, तो माणूस. बाकीचे स्वर यांच्याच जुळणीतून होतात. ठिपक्याची आता छोटी रेघ झाली आहे.

उभी रेघ काढा. तिचा उच्चार ई.

पाठ सरळ करा. तुमच्याही पाठीची एक उभी रेघ आहे. ओटा आडवा आहे. त्यावर परात.

*

परातीकडे बघा.

कोबीचा ढीग अर्ध्यावर आलाय. पानं एकमेकांवर टेकली आहेत. तळाशी चांगलंच पाणी साठलंय.

एक पान उचला. मघाशी मोडलं होतं तसं, शिरेपाशी वाकवा.

ते वाकतं. बोटाभोवती फिरतं. आवाज येत नाही.

तुकडा जिभेवर ठेवा. चावू नका. आधी मीठ येतं. ते जाऊ द्या. मग मागून कोबीचा गोडवा येतो, बारीक, ओला. तो येईपर्यंत थांबा.

मघाशी न म्हणताना जी जीभ दातांमागे टेकली होती, तीच ही.

मसाला झटपट होतो. चमचाभर तांदळाचं पीठ पाण्यात शिजवून पातळ खळ करा आणि गार होऊ द्या. त्यात मिरचीपूड, ठेचलेला लसूण, किसलेलं अद्रक, चिरलेली कांद्याची पात, आवडत असेल तर मुळ्याच्या काड्या. कोरियन गोचुगारू मिळाली तर उत्तम, नाही तर काश्मिरी मिरची. तिचा रंग लालभडक, तिखटपणा बेताचा. कोबीचं सुटलेलं पाणी फेकू नका.

कोरियन घरांत यात बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क पडतो. तिथल्या बौद्ध मठांत मात्र तो घालत नाहीत. कांदा नाही, लसूणही नाही. ज्यांच्या घरी चातुर्मास पाळतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. बेग्यांगसा मठाच्या परिसरातल्या एका छोट्या आश्रमात जॉन्ग क्वान नावाच्या भिक्खुणी याच रीतीनं रांधतात. 2017 साली एका माहितीपट मालिकेतून त्यांचं रांधणं जगानं पाहिलं. त्यांचं हॉटेल नाही. आश्रमातल्यांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी त्या चूल पेटवतात.

तुम्ही आज लसूण घालायचा की नाही, तुमचं घर ठरवेल.

मिरचीची पूड चिमटीत घ्या. नाकाजवळ आणा, फार जवळ नको.

ही दोन्हीकडे पाहुणी. अमेरिका खंडातून समुद्रमार्गे निघाली, पोर्तुगिजांसोबत आपल्या किनाऱ्यावर उतरली, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीला कोरियात पोचली. त्याआधीची किमची लाल नव्हती. त्याआधीचा आपला रस्साही मिरीवर तिखट व्हायचा.

चिमूट सोडा, मसाला कोबीवर घाला. परातीत लाल रंग पसरताना बघा.

आता पुन्हा हात घाला. उचला, दाबा, सोडा.

*

बरणी घ्या. काचेची असली तर आतलं दिसेल.

थोडं थोडं भरा. प्रत्येक थरानंतर मुठीनं दाबा. अडकलेली हवा बुडबुड करत वर येते. ती निघू द्या. कोबी पाण्याखाली राहायला हवा. वर चार बोटं जागा मोकळी ठेवा.

तोंडाला दादरा बांधा. खाली ताटली ठेवा, पाणी उतू आलं तर तिच्यात पडेल.

आणि आता चिठ्ठी.

लोणच्याच्या बरणीवर लावतो तशी एक कागदाची चिठ्ठी कापा. वर डावीकडे काटकोन. त्याच्या उजवीकडे उभी रेघ. दोघांच्या खाली चौकोन.

तिन्ही अक्षरं एकाच घरात बसली. वाचा. काटकोन, उभी रेघ, चौकोन. हलका क, मग ई, मग ओठ मिटून म.

किम.

पुन्हा वाचा. शेवटचा म ओठांत धरा. उघडायची घाई नको.

चिठ्ठी बरणीवर लावा. अर्धा शब्द झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी जागा सोडा.

माघात बरणी दोन दिवस ओट्यावर राहते. इथल्या मे महिन्यात एक दिवस पुरतो, कधी तेवढाही लागत नाही. घाई उन्हाला असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध तापायला ठेवायच्या आधी, बरणीपाशी या. दिवा लावू नका.

कान बरणीला लावा.

आधी स्वतःच्याच कानातला आवाज येईल. तो बसू द्या.

मग घरातले आवाज. नळ. पंखा. शेजारी कुणीतरी झाडून काढतंय. तेही असू द्या.

मग अगदी जवळून, बारीक. चुट. थोडा वेळ काही नाही. पुन्हा चुट.

बुडबुडे आहेत. पानांवर असलेले जीव जागे झालेत. ल्युकोनोस्टॉक हा त्यांतला एक. इडलीचं पीठ रात्रीतून फुगतं त्यातही त्याचा हात असतो. इतकी वर्षं तो आपल्या पातेल्यात होताच. आज कान लावून त्याला ऐकलं.

ऐकत राहा. पुढचा चुट कधी येईल सांगता येत नाही.

कोरियात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अख्खी गल्ली मिळून हिवाळ्याची किमची घालते. त्याला किमजांग म्हणतात, आणि 2013 मध्ये युनेस्कोनं त्याची नोंद मानवतेच्या वारशात केली. शेकडो कोबी, कितीतरी हात. तुमच्या घरात कुणी जागं झालं असेल तर त्यांनाही बोलवा. काय आहे ते सांगू नका. नुसतं म्हणा, कान लावून बघ.

*

तिसऱ्या दिवशी दादरा सोडा.

वास येऊ द्या. आंबट, तिखट, लसणाचा. पहिल्यांदा तो जरा अंगावर येतो. मागे सरकू नका. एक श्वास तसाच घ्या. दुसऱ्या श्वासात तो कमी होतो, आणि तिसऱ्यात त्याच्याखालचा कोबी ओळखू येतो.

एक पान उचला. वही पुन्हा उघडा.

आधी जिभेवर.

आंबटपणा कुठं लागतो? कडेला का, मधे? तिखट आधी येतं की मागून? डोळे मिटून बघा. जीभ हलते, टाळूला टेकते, दातांमागे जाते. खातानाही ती त्याच जागा शोधते आहे, क ची, ट ची, न ची.

सावकाश गिळा.

आता पेन्सिल. उरलेला अर्धा शब्द. एक आडवी रेघ. तिच्यावर मधोमध एक छोटी रेघ. खाली दोन तिरप्या रेघा, तंबूच्या आकारात. शेजारी ओळखीची उभी रेघ. तळवा तोंडासमोर धरा आणि म्हणा. भरपूर वारा लागला पाहिजे, च आणि छ यांतलं छ जवळचं.

चिठ्ठीवर मोकळ्या जागेत ते लिहा. हात थरथरला तर थरथरू द्या, रेघ पूर्ण करा.

बरणी आता फ्रीजमध्ये जाईल आणि रोज थोडी आंबट होत जाईल. त्याआधी वाटीभर बाहेर काढून ठेवा.

तवा तापलाय. ज्वारीचं पीठ मळून झालंय, पहिली भाकरी थापायला घ्या. घरातल्यांना हाक मारा, आणि एक वाटी शेजारीही पाठवा.